एका जोडणीवर एकोणीस जण

येवल्याच्या कांडी गल्लीत शेवंता उपरे नावाची एक बाई राहायची. तिची जीभ इतकी तिखट, की चुलीवरच्या आमटीशी ती दोन शब्द बोलली तर त्या दिवशी मिरची टाकावी लागत नसे. चाळीस वर्षं तिनं पैठणीचा माग चालवला. माग बंद पडले तेव्हा, साठी उलटल्यावर, सरकारी वर्गात जाऊन ती प्रोग्रॅम लिहायला शिकली. वर्गातला मास्तर तिच्या धाकट्या भाच्याएवढा. पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, "आजी, जमेल ना तुम्हाला?"

"तुटलेला एक धागा मी हजारात हातानं चाचपून शोधते," शेवंता म्हणाली. "तुझा अर्धविराम पळून पळून कुठं जाईल?"

तर अशा ह्या शेवंताला तिचा स्वतःचा नवरा रोज सकाळी सव्वा मिनिट ओळखत नसे.

सहाला नळाला पाणी यायचं आणि अख्खी गल्ली एकदम उठायची. मार्तंड उपरे गादीवर उठून बसायचा, समोर चहाचा कप घेऊन उभ्या असलेल्या बायकोकडे बघायचा आणि अदबीनं विचारायचा, "बाई, कोण पाहिजे तुम्हाला?"

"तुम्हीच."

"मी लग्न झालेला माणूस आहे."

"हो का? कुणाशी झालंय?"

"आठवेल. जरा दम धरा."

शेवंता दम धरायची. सव्वा मिनिट म्हणजे ऐकायला काहीच नाही; पण ज्याच्याशी सेहेचाळीस वर्षं संसार केला त्यानं आपल्याकडे पाहुणी म्हणून बघावं, ह्या मापानं मोजलं तर त्यात एक सबंध श्रावण मावतो. मग मार्तंडच्या कानामागची टिकली हळूच बोलायची आणि त्याचा चेहरा असा उजळायचा, जशी रंगाच्या कढईतून रेशमाची लड वर आली. "अगं, चहा गार केलास की!"

गल्लीत अशी एकोणीस माणसं होती. डॉक्टर त्या रोगाला लांबलचक नाव द्यायचे. गल्ली आपली म्हणायची, ह्याचा रंग उतरायला लागलाय. अर्धी गल्ली जुन्या रंगाऱ्यांची, दुसरं काय म्हणणार!

शास्त्रज्ञांनी शोधून काढलं होतं ते असं : ह्या रोगात आठवण मरत नाही, तिच्याकडे जाणारी वाट बुजते. म्हणून रोग लागला की माणसाला सात दिवस एका यंत्राखाली निजवायचे. ते यंत्र त्याला आवाज ऐकवायचं, वास द्यायचं, चित्रं दाखवायचं, आणि मेंदूतल्या कुठल्या पेशी कुणाबरोबर जाग्या होतात ते टिपून घ्यायचं. सगळी टिपणं एका मोठ्या भांडारात जमा व्हायची. मग कानामागे टिकली. समोरचं माणूस बोललं, की टिकली तो आवाज भांडाराला पाठवून विचारायची, 'ही कोण?' उत्तर आलं की कानात सांगायची.

घोडं अडत होतं ते जोडणीपाशी. प्रत्येक जोडणीसाठी भांडाराला आपली थोडी जागा अडवून ठेवावी लागे, एक दार सतत उघडं ठेवावं लागे. राज्यभर रोगी लाखांनी, दारं थोडी. म्हणून एका गल्लीला एकच जोडणी. आणि स्मरण खात्याचा नियम : एका जोडणीवर एका वेळी एकच प्रश्न. त्याचं उत्तर पुरं आलं की मगच दुसरा. एका उत्तराला चार सेकंद लागायचे. एकोणीस जण सहाच्या ठोक्याला एकदम विचारायचे, म्हणजे शेवटच्याला शहात्तर सेकंद.

प्रश्नांना रांगेत उभं करणारा प्रोग्रॅम शेवंतानंच लिहिला होता. वाढपीण ओळखीची असली की नवऱ्याच्या पानात जास्त जिलब्या पडतात, असं कुणी म्हणू नये म्हणून तिनं मार्तंडला एकोणिसावा नंबर दिला.

एके दिवशी त्या सव्वा मिनिटात मार्तंड विचार करत बसला, आणि परक्या बाईच्या घरात सकाळी सकाळी बसणं बरं दिसत नाही, असं त्याच्या सभ्य मनानं घेतलं. तो उठला, चपला घातल्या, "येतो बाई" म्हणाला आणि गेला. शेवंता पाण्याचा हंडा उतरवेपर्यंत तो गल्लीबाहेर. टिकलीची बोलायची पाळी आली तेव्हा तो जोडणीच्या पल्ल्याबाहेर गेला होता. दुपारी तो मनमाडच्या रस्त्यावर एका टपरीवर सापडला. टपरीवाल्याला सांगत होता, माझी बायको फार चांगली आहे, नाव तेवढं आठवत नाही.

चार दिवसांत स्मरण खात्याची नोटीस आली. कांडी गल्लीतली जोडणी पुरी पडत नाही. महिन्याभरात एकोणीसच्या एकोणीस जणांना बारा सेकंदांच्या आत उत्तर मिळत असल्याचं दाखवा. नाहीतर सगळ्यांना जिल्ह्याच्या गावी 'स्मृतिसदना'त हलवलं जाईल. तिथं प्रत्येक खाटेला वेगळी जोडणी आहे.

"खाटेला जोडणी आहे, पण खाटेशेजारी मी आहे का?" शेवंता म्हणाली. नोटिशीचा कागद तिनं मापात कापला आणि डळमळणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातला.

मग ती जोडणीवर पाळत ठेवून बसली. भाजी निवडताना, जेवताना, नजर पडद्यावर. तिसऱ्या दिवशी तिच्या ध्यानात आलं. चार सेकंदांत प्रश्न जायला लागतं पापणी लवण्याएवढं, उत्तर यायलाही तेवढंच. मधले पावणेचार सेकंद भांडार आत शोधाशोध करत असतं आणि ही जोडणी दारात बसून जांभया देत असते!

"अगं, ही तर आळशी सून," ती जुबेदाला म्हणाली. जुबेदा मोमीन समोरच्या घरातली. तिचा नवरा याकूबभाई रांगेत पहिला. "एक डबा गिरणीत न्यायचा, दळून होईस्तोवर उभं राहायचं, पीठ घरी आणायचं आणि मग दुसरा डबा उचलायचा. तू ठेवून घेशील असली सून?"

"माहेरी पाठवीन."

"एकोणीस डबे एकदम नेऊन टाकले तर? वाट एकच असू दे, गिरणीत जाती ढीगभर आहेत."

शेवंतानं आठ दिवस खपून नवा प्रोग्रॅम लिहिला. आता एकोणीस प्रश्न एकामागोमाग एक, मधे न थांबता, त्याच एका जोडणीवरून जायचे. भांडार सगळे एकदम शोधायला घ्यायचं आणि उत्तरं पाठोपाठ परत यायची. तिनं हिशेब केला, सहा सेकंदांत गल्ली जागी.

दुसऱ्या दिवशी सहाला ती चहा घेऊन उभी राहिली. "उठलात?" मार्तंडनं डोळे उघडले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. त्याचा चेहरा उजळला.

"जुबेदा," मार्तंड प्रेमानं म्हणाला, "माझी टोपी कुठाय?"

शेवंता काही बोलायच्या आत दार धाडकन उघडलं. जुबेदा हातात झारा घेऊन आत. "शेवंता! माझा म्हातारा मला शेवंता म्हणाला! वर म्हणतो, शेवंता, आज भांडू नको. हे काय चाललंय?"

"माझा मला जुबेदा म्हणाला. टोपी मागितली."

जुबेदाचा झारा खाली आला. "उशीखाली असते ती. माझा म्हातारा रोज मागतो." मग एकदम संतापून, "अगं, पण मी भांडते का कधी?"

तोवर गल्लीत हलकल्लोळ माजला होता. कोष्ट्यांचे अण्णा शेजारच्या बकरीला सासूबाई म्हणून नमस्कार करत होते. एका म्हातारीनं सख्ख्या लेकाला दूधवाला समजून पातेलं पुढं केलं होतं, आणि लेक, गरीब बिचारा, दूध आणायला निघालाही होता. तेवढ्यात कोपऱ्यावरून गंगूआत्यांचा आवाज आला. ह्या एक्क्याण्णव वर्षांच्या. "काय ग बाई गोंधळ! माझं बरोबर आलंय. ही माझी सून कलावती, आणि हिनं आजही चहात आलं घातलेलं नाही."

शेवंता थबकली. गंगूआत्यांचा नंबर दहावा. एकोणिसांतला दहावा म्हणजे बरोब्बर मधला. पहिल्या याकूबभाईला एकोणिसाव्याचं उत्तर, एकोणिसाव्या मार्तंडला पहिल्याचं. तिनं कपाळावर हात मारला.

पैठणीच्या पदरावर मोर विणताना एका ओळीत वीस वीस तिल्ल्या लोंबत असतात, तिल्ली म्हणजे एकेका रंगाची इवलीशी कांडी. डावीकडून उजवीकडे एकेक तिल्ली आपापल्या जागी घालत जायचं आणि परतीची ओळ उजवीकडून सुरू करायची. शेवटी ठेवलेली तिल्ली पहिली उचलायची. चाळीस वर्षं हात तसेच चालले, आणि प्रोग्रॅम लिहितानाही तसेच चालले. प्रश्न गेले एक ते एकोणीस. उत्तरं उचलताना तिनं एकोणीसपासून सुरुवात केली! शहरातल्या कुठल्याही शिकलेल्या पोरानं ही चूक केली नसती. त्यासाठी हाताला घट्टे पडावे लागतात.

तिनं प्रोग्रॅम पुन्हा उसवला. ह्या वेळी तिनं येण्याजाण्याच्या क्रमावर भरवसाच ठेवला नाही. प्रत्येक प्रश्नाला त्याचा नंबर बांधून दिला आणि उत्तरानं तोच नंबर घेऊन परत यायचं. कुणी आधी या, कुणी नंतर या, ज्याचं त्याच्या घरी. शिवाय आणखी एक केलं. मागावर कुणी आधी अख्खा मोर आणि मग अख्खा पोपट विणत नाही. एका ओळीत मोराचं पीस थोडं, पोपटाची चोच थोडी, असं सगळं मिळून वर चढतं. तसे तिनं उत्तरांचे तुकडे केले. कुणाचं उत्तर लांबलं, तर त्याचा एक तुकडा, मग दुसऱ्याचा एक, मग तिसऱ्याचा. लांबण लावणाऱ्यासाठी बाकीच्यांनी खोळंबून राहायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सहा सेकंदांत मार्तंड म्हणाला, "शेवंता, चहा आण." शेवंता पाठ फिरवून स्वयंपाकघरात गेली ती जरा जास्तच वेळ तिथं राहिली.

पण तो बकरीला नमस्कार घालायचा दिवस भांडारात नोंदला गेला होता. महिना संपायच्या आदल्या सकाळी, नळ यायला दहा मिनिटं असताना, स्मरण खात्याच्या दातरंगे मॅडम गल्लीत उतरल्या. बाई वाईट नव्हती. गोड बोलायची, आणि गोड बोलणाऱ्याला नाही म्हणणं अवघड असतं.

"आजी, एका जोडणीवर एकच प्रश्न, हा नियम आहे. तुम्ही एकोणीस घुसवलेत. ह्याची आठवण त्याला गेली."

"एक दिवस गेली. त्यानंतर एकदाही नाही. बघा नोंदी."

"नोंदी बघितल्या. हुशार आहात तुम्ही." दातरंगे मॅडमनी आवाज खाली आणला. "हे बघा, जुना प्रोग्रॅम परत लावा. मी आजोबांना पहिला नंबर देते. चार सेकंदांत उत्तर. बारा सेकंदांत तिघांचं होतं, ते तिघं घरी राहतील. बाकीच्या सोळांचं आम्ही बघतो. तिथं पंखे आहेत, बाग आहे."

शेवंतानं गल्लीकडं पाहिलं. जुबेदा दारात उभी होती. तिनं ऐकलं होतं, आणि ऐकलं नाही असं दाखवायला ती कोरड्या हंड्यावरून उगीच हात फिरवत होती. याकूबभाई पुढच्या नंबरांत बसेल की नाही, हे तिला कळायला मार्ग नव्हता. चार सेकंद, शेवंताच्या मनात आलं. सहापेक्षा दोन कमी. आणि कायमचे.

"मॅडम," ती म्हणाली, "पदर विणताना मधेच कुणी सांगितलं, तीन तिल्ल्या ठेव आणि सोळा कापून टाक, तर ती तीनसुद्धा सुटून येतात. मला तुमचा पहिला नंबर नको. माझा नवरा एकोणिसावा आहे, एकोणिसावाच राहील. पाणी येतंय. मोजा."

नळ खळखळला. गल्ली उठली. एकोणीस घरांतून एकोणीस आवाज आले. दातरंगे मॅडमच्या हातातल्या पाटीवर एकेक हिरवा दिवा लागत गेला. पाच सेकंदांत अकरा. सहाव्या सेकंदाला अठरा. एक दिवा मात्र पिवळा लुकलुकत राहिला. दहावा.

"आत्या!" शेवंता ओरडली. "काय विचारलंत?"

"रोज काय तेच, ही कोण, ही कोण!" गंगूआत्या ओट्यावर आरामात बसल्या होत्या. "सून कोण ते मला आल्याशिवायच्या चहावरून कळतं. मी विचारलं, माझ्या लग्नाला कोण कोण आलं होतं? यायला लागलीत की माणसं! हा बघ अंदरसूलचा मामा. ह्यानं आहेरात फुटकी समई दिली होती."

"किती माणसं होती लग्नाला?" दातरंगे मॅडमनी विचारलं.

"सातशे. पोरंटोरं सोडून."

बारा सेकंद होऊन गेले. मॅडमनी मान हलवली. "एक उत्तर अपुरं. नियम सगळ्यांसाठी आहे, आजी. मला वाईट वाटतं." त्यांनी पाटीवरचं 'जोडणी तोडा' दाबलं. पाटी लाल झाली. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा लाल.

"काय म्हणतीय?" जुबेदा पुढं आली.

"उत्तर चालू आहे," मॅडम कसनुशा होत म्हणाल्या. "उत्तर चालू असताना जोडणी तोडता येत नाही. मागे एका आजींच्या कानात 'तुमचा मुलगा गेला' एवढंच आलं आणि जोडणी तुटली. 'नागपूरला नोकरीसाठी' राहिलं. आजींनी चार दिवस अन्न सोडलं होतं. तेव्हापासून नियम आहे." त्यांनी पदर सावरला. "हरकत नाही. सातशे नावं. अर्ध्या पाऊण तासात संपतील. मी थांबते."

त्या ओट्यावर टेकल्या. कलावतीनं त्यांना चहा दिला, आल्याशिवायचा. गल्ली सगळी गंगूआत्यांभोवती जमली. वऱ्हाडी येत होते, आत्या एकेकाची सालटी काढत होत्या. चारशे झाले. पाचशे झाले. साडेसहाशे झाले. जुबेदानं याकूबभाईचा हात धरला तो सोडलाच नाही. शेवंता डोक्यात प्रोग्रॅमच्या ओळी उलटसुलट करत होती, पण ह्यातून वाट काढणारी एकही ओळ तिला दिसत नव्हती.

"काय ग," मार्तंड तिच्याजवळ येऊन उभा राहिला, "ह्या बाई कशाची वाट बघतायत?"

"आत्यांचे पाहुणे संपायची. जोडणी चालू असताना कुणाला हलवता येत नाही. ती तोडणार आणि मग तुम्हाला घेऊन जाणार."

"मला विचारलं का कुणी?"

"नाही."

मार्तंडचा रंग उतरला होता. अक्कल नव्हती उतरली. त्यानं कानामागं बोट नेलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा खड्या आवाजात टिकलीला म्हणाला, "माझं शेवंताशी लग्न झालं त्या दिवसापासून आजपर्यंत ती मला काय काय बोलली, ते सगळं सांग. ओळीनं. एक शब्द गाळायचा नाही."

दातरंगे मॅडम उठून उभ्या राहिल्या. पाटीवर एकोणिसावा दिवा पिवळा झाला, आणि त्याच्याखाली आकडे आले. त्यांनी ते दोनदा वाचले.

"किती?" जुबेदानं विचारलं.

"उत्तर पुरं व्हायला लागणारा वेळ," मॅडमचा आवाज चिरकला, "अकरा वर्षं, चार महिने."

जुबेदा म्हणाली, "एवढंच? मला वाटलं वीस तरी निघतील." आणि जी हशाची लाट उठली तिनं म्हणे पालखेडच्या कालव्याचं पाणी उलटं वाहिलं.

"आजोबा, प्रश्न मागे घ्या," दातरंगे मॅडम कळवळून म्हणाल्या. "ज्यानं विचारला त्यालाच मागे घेता येतो."

"कुठला प्रश्न?" मार्तंडनं निरागस चेहऱ्यानं विचारलं. "मला काही आठवत नाही हो."

"आजी, तुम्ही तरी सांगा ना त्यांना!"

"मी काही सांगितलं," शेवंता म्हणाली, "की वेळ आणखी वाढेल."

दातरंगे मॅडमनी पाटी पिशवीत घातली. गल्लीच्या तोंडाशी जाऊन त्या वळल्या. "अकरा वर्षं एका जोडणीवर हे चालू, आणि बाकी अठरा जणांचे प्रश्न? ते कसे जाणार?"

"मधूनमधून," शेवंता ओरडली. "तेच तर महिनाभर विणत होते!"

पाणी गेलं. बायका भरलेले हंडे घेऊन घरोघर पांगल्या. मार्तंड ओट्यावर मान तिरकी करून ऐकत बसला होता आणि गालात हसत होता. शेवंता त्याच्या शेजारी येऊन बसली. तिला राहवेना.

"काय म्हणतीय मी?"

"लग्नाचा दुसरा दिवस चालू आहे. 'अहो' म्हणालीस, आणि नंतर बराच वेळ काहीच नाही. लाजतीयस."

"ऐका, ऐका," शेवंता म्हणाली. "परवापासून सुरू होते."